चित्रातले उंट आणि पंच्याऐंशीचा उस्ताद

नमस्कार मंडळी! आज उंटांबद्दल बोलायचंय, पण वाळवंटातल्या नाही, चित्रातल्या. इराणमध्ये पर्सेपोलिस या जुन्या राजधानीतल्या जिन्यालगतच्या भिंतीवर अडीच हजार वर्षांपूर्वीचे कोरीव उंट आहेत, बॅक्ट्रियाची, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडची मंडळी राजाला नजराणा म्हणून दोन कुबडांचा उंट घेऊन चाललीयेत. मग १२३७ साली अल्-वासिती नावाच्या चित्रकाराने एका अरबी पोथीत उंटांचा अख्खा कळप काढला, सगळे एकमेकांना खेटून उभे, नुसती पायांची गर्दी, पण प्रत्येक मान वेगळी! ही पोथी आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

पण मला सांगायचीये ती दोन म्हाताऱ्यांची गोष्ट.

पहिला बिहजाद. इराणचा सगळ्यात नावाजलेला चित्रकार. त्याने उतारवयात दोन झुंजणारे उंट काढले. माना एकमेकींत अडकल्यात, अंगावर नक्षीदार झुली, आणि राखणदार दोर ओढून त्यांना सोडवायला बघतायत. चित्रावरच लिहिलंय की सत्तरी उलटल्यावर हे काम केलं. सत्तरी उलटल्यावर, बरं का!

दुसरा अब्दुस्समद. हाही इराणचा, हुमायूनने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि छोट्या अकबराला चित्रकला शिकवायचं काम याच्याकडे आलं. साधारण १५९० च्या सुमारास या उस्तादाने तीच झुंज पुन्हा काढली, वय वर्षं ८५! चित्रावर मजकूर आहे, त्याचा अर्थ असा की अंगातली ताकद गेली, कलम कमजोर झालं, नजर मंदावली, तरी आपल्या हुशार मुलासाठी, शरीफ खानसाठी, आठवणीतून हे चित्र काढलं. समोर मूळ चित्र नाही, फक्त आठवण. आणि तरी त्या माना बघा, कुठे हात थरथरल्यासारखा वाटत नाही. आपल्याकडे साठीनंतर माणसाला लगेच म्हणतात, आता आराम करा, राहू द्या तुम्ही. का राहू द्यायचं? आणि शाळेत तर चित्रकलेचा तास हमखास गणिताला जातो, मला हे अजिबात पटत नाही, हात लहानपणी वळला तरच तो ८५ व्या वर्षी चालणार ना!

तर पुन्हा सांगतो, बिहजाद सत्तरीपार, अब्दुस्समद ८५, उंटांची झुंज तीच. पुढे जहांगीरकडे बिहजादचं चित्र आलं, त्याने नन्हा नावाच्या चित्रकाराकडून त्याची नक्कल करून घेतली आणि तसं स्वतः लिहून ठेवलं, हिजरी १०१७, म्हणजे आपलं १६०८-०९. बिहजादचं मूळ चित्र आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.

वेळ संपत आली, चीन राहिलाच. शिआनजवळ ७२३ सालच्या एका कबरीत मातीचा, रंगीत झिलईचा उंट सापडला, मान वर करून उभा, आणि पाठीवर बैठक घालून चक्क गाणंबजावणं चाललंय, पाच माणसं, त्यातला एक मधोमध उभा राहून नाचतोय. फोटो नेटवर आहे, मोठा करून त्या नाचणाऱ्याची लांब बाही जरूर बघा. नमस्कार!