डॅनियल, वेल्स आणि आमचा गंगाराम

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘वेरूळच्या चित्रांतला गंगाराम’ असा छापलाय. हा गंगाराम पेशवाईतला पुण्याचा चित्रकार. त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल, कारण वाटेत एक लग्न आहे. (हशा)

मेव्हण्याच्या मुलीचं लग्न लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. आत शिरलो तर काउंटरच्या मागं भिंतभर चित्र. जुनं, इंग्रजी वळणाचं, तपकिरी. घारापुरीची त्रिमूर्ती. खाली पितळी पट्टी : ‘मराठाकालीन राजवाडा, चित्रकार डॅनियल, १७५०’. आता घारापुरी राजवाडा कधी झाला ते सोडून द्या. थॉमस डॅनियल म्हणजे हिंदुस्थानची दृश्यं काढणारा इंग्रज चित्रकार, त्याचा जन्म १७४९चा. म्हणजे हे चित्र काढलं तेव्हा साहेब पाळण्यात होते. मी तिथंच थबकलो. सौ. म्हणाली, अक्षता पडतायत, चला. पण माझ्या डोळ्यांना अजून काहीतरी खटकत होतं.

आपण ठाणेकर घारापुरीला शाळेच्या सहलीपासून जातो. समोर उभं राहिलं की डावीकडचा चेहरा अघोराचा, म्हणजे शिवाच्या उग्र रूपाचा, मिशीवाला, हाताशी नाग. उजवीकडचा वामदेव, सौम्य, कमळ घेतलेला. इथं मिशी उजवीकडं! अख्खं चित्र आरशात पाहावं तसं उलटं छापलेलं. मॅनेजरला गाठलं. मुलगा नम्र होता. म्हणाला, “काका, मुद्दाम फिरवलंय. वास्तुवाल्यांनी सांगितलं, उग्र मुख प्रवेशाकडं नको.” (हशा) मी म्हटलं, अरे, शिल्पकारांनी दीड हजार वर्षांपूर्वी ठरवलेली बाजू तू फ्लेक्सवाल्याकडून बदलून घेतलीस? तर म्हणतो, “काका, आजवर कुणी तक्रार केली नाही.” तेवढ्यात वधूचे मामा मला शोधत आले. तो विषय तिथंच राहिला, पण माझ्या डोक्यातून गेला नाही. दोन महिने मी घरी तेच बोलत होतो. आता तुम्ही सापडलात.

गंमत अशी की उलटं करणं हा या चित्रांचा जन्मजात धंदा आहे. आपण ज्यांना डॅनियलची चित्रं म्हणतो ती बहुतेक ॲक्वाटिंट आहेत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवायची, तापवून चिकटवायची, मग आम्ल सोडायचं. कणांच्या मधलं तांबं खाल्लं जातं आणि छापल्यावर पाण्याच्या रंगाचा हात फिरवल्यासारखी छटा येते. जिथं उजेड हवा तिथं आधी लाख किंवा व्हार्निश लावून आम्ल अडवायचं. पण पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं. म्हणून मूळ चित्र पत्र्यावर आधी उलटं काढावं लागतं, तेव्हा छाप सुलट येतो. म्हणजे तुम्ही जे बघता ते जागेवर काढलेलं चित्र नव्हेच. ते निदान दुसऱ्यांदा, दुसऱ्या देशात, उलट्या हातानं काढलेलं चित्र. वर लंडनमध्ये कुणीतरी हातानं रंग भरायचा. त्यानं आपला काळा कातळ पाहिलेला नसायचा. आणि आपण मात्र ते व्हॉट्सॲपवर पाठवतो : ‘सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा खराखुरा फोटो’!

डॅनियल काका-पुतण्यांना कमी लेखायचं नाही मला. थॉमस आणि विल्यम १७८६ला कलकत्त्यात उतरले, कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरचं दृश्य भिंगातून कागदावर पाडणारी पेटी घेऊन गढवालपासून कन्याकुमारीपर्यंत फिरले. आधी येऊन गेलेल्या विल्यम हॉजेस या चित्रकाराची चित्रं बरोबर ठेवून त्याच्या चुका काढत हिंडले, आणि हे मला फार आवडतं, कारण दुसऱ्याच्या चुका काढत प्रवास करण्याची मजा मला ठाऊक आहे. (हशा) त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’त १४४ चित्रं. छपाई १७९५ ते १८०८.

त्या १४४तली वेरूळची २४, १८०३ची, डॅनियलच्या देखरेखीखाली कोरली गेली. पण ती काढली जेम्स वेल्सनं. शीर्षकपानावर त्याचं नाव आहे, डॅनियलनं लपवलेलं नाही. लपवतो आपण, ‘डॅनियलचं वेरूळ’ म्हणून. हा वेल्स स्कॉटलंडचा, १७९१ला मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. इंग्रजांचा पुण्यातला वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीनं दरबारात शिरला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र त्याचंच, महादजी शिंद्यांचंही. आणि तो गेला कुठं? आपल्या अंगणात. साष्टीत, म्हणजे आपल्या मुंबई-ठाण्याच्या बेटावर, लेण्यांची चित्रं काढताना ताप भरला, नोव्हेंबर १७९५मध्ये संपला. सवाई माधवराव जाऊन जेमतेम महिना झाला होता. वेल्सची मुंबईची बारा दृश्यं छापून आली १८००मध्ये. वेरूळ आणि मुंबई, दोन्हींचा छाप त्यानं पाहिलाच नाही. मी अजून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, लग्नानं घात केला.

तर गंगाराम. गंगाराम चिंतामण तांबट, पुण्याचा. वेल्स यायच्या आधीपासून मॅलेटसाठी काम करत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं काढलाय, नोव्हेंबर १७९०ची तारीख आहे. वेरूळची चित्रंही केली. मग वेल्सच्या हाताखाली आला, शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली तिच्याशीही त्याचं नाव जोडलं जातं. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत. वेरूळची कोणती रेघ वेल्सची आणि कोणती गंगारामकडून शिकलेली, हा माझा आजचा खरा विषय होता. तो पाच मिनिटांत मावत नाही. म्हणून एकच दाखला देतो.

डॅनियलचं मोठं तैलचित्र आहे, १८०५चं : पेशव्यांच्या दरबारात मॅलेट तह पुरा करतोय. टिपूविरुद्धचा १७९०चा तह. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलनं ते रंगवलं. आपली पुस्तकं ते चित्र ‘दरबार असा होता’ म्हणून छापतात. आता हिशेब करा. १७९०मध्ये डॅनियल बंगाल-बिहारकडं होते. वेल्स हिंदुस्थानात पोचलाच नव्हता. तिघांपैकी त्या वर्षी पुण्यात होता तो गंगाराम, आणि तो गेंडा काढत होता. दरबारात त्याला कुणी शिरू दिलं असतं असं मला वाटत नाही. म्हणजे त्या चित्रातली माणसं खरी, झगे-पागोटी खरी, पण प्रसंग मागाहून जुळवलेला. मला त्यात काही वाईट वाटत नाही. फक्त तो पुरावा म्हणून वापरताना कुठला भाग कुणी पाहिला हे विचारा. वेरूळच्या २४ चित्रांनाही हाच प्रश्न लावा आणि पाटीवर डॅनियल लिहिलं तर वेल्स लिहा, वेल्स लिहिलं तर गंगाराम लिहा. पाटी पितळेची असो नाहीतर फ्लेक्सची.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. खांबांची मापं आणि कैलासचे हत्ती राहिले. ज्यांना हवंय त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी गाठा, झेरॉक्स आणल्यात.