बाबा, पुण्याच्या फ्लॅटची किंमत काय?

न्यू जर्सीतलं एडिसन. रात्रीचे साडेनऊ. किराणा दुकानाच्या काउंटरमागून एक मुलगी बाहेर येते आणि चालता चालता मोबाइलवर पगाराची स्लिप उघडते. कॉलेजचं तिसरं वर्ष. घरी आई विचारणारच, "फॅफ्सा भरलास का गं?"

फॅफ्सा म्हणजे कॉलेजसाठी अमेरिकी सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचा अर्ज. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना तिचा लाभ मिळतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना नाही. अर्जातून एक आकडा निघतो, स्टुडंट एड इंडेक्स. तो जितका मोठा, तितकी गरज कमी धरली जाते.

गंमत म्हणजे हा अर्ज आजचा पगार विचारतच नाही. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, मदतीसाठी बघायचं होतं २०२३ सालचं उत्पन्न. शाळा संपतानाची सुट्टी आणि कॉलेजची पहिली सहामाही, तेव्हाची कमाई आत्ता नडते.

समजा, त्या वर्षी तिने १६,००० डॉलर मिळवले. आयकर बसला २१५. इथे पुष्कळजण फसतात. स्लिपवर कापलेला कर वेगळा, रिटर्नमध्ये ठरलेला वेगळा. मदतीच्या हिशेबात वजावट मिळते ती रिटर्नमधल्या कराची. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे निवृत्तिवेतन आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्यासाठी पगारातून होणारी कपात, तिचे १,२२४ गेले. २०२५-२६ साठी विद्यार्थ्याला मिळालेली ११,५१० ची सूट गेली. उरले ३,०५१. त्यातले निम्मे, म्हणजे दीड हजाराच्या वर, थेट इंडेक्समध्ये चढतात. आईवडिलांच्या हिशेबात हाच दर २२ ते ४७ टक्के. पोरीच्या कष्टाला दर जास्त! ती १२,४०० वर थांबली असती, तर तिच्या पगारापायी इंडेक्स एका डॉलरनेही वाढला नसता.

तेच तास तिने वर्क-स्टडीत, म्हणजे सरकारी मदतीचाच भाग म्हणून मिळणाऱ्या अर्धवेळ कामात, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात घालवले असते तर? त्या पगारावरही आयकर लागू होतो, पण मदतीच्या हिशेबातून हा पगार वगळतात. मात्र वर्क-स्टडीत किती कमवायचं याला मर्यादा असते. दुकानात दिवाळीच्या आठवड्यात हवे तेवढे तास मिळतात.

साठवलेल्या पैशाचंही तसंच. अर्ज भरण्याच्या दिवशी मुलीच्या खात्यात जी शिल्लक, तिचे २० टक्के मोजतात. तेच पैसे आईच्या खात्यात असतील, तर जास्तीत जास्त ५.६४ टक्के. म्हणून फी भरायची किंवा लॅपटॉप घ्यायचा असेल, तर तो खर्च अर्जाआधी उरकलेला बरा.

मुलगी घरी पोचते, लॅपटॉप उघडते. करखात्याकडून माहिती घ्यायला संमती मागतात. संमती नाकारली, तर सरकारी मदत बंद. मुलगी खूण करते. पालकांचा भाग पालकांच्याच खात्यातून भरायचा असतो; बाबा लॉगिन करून देतात. पान येतं मालमत्तेचं. राहतं घर सोडून बाकीची घरं लिहायची, परदेशातलीसुद्धा.

"बाबा, पुण्याच्या फ्लॅटची किंमत काय लिहू?"

आतल्या खोलीतला टीव्ही बंद होतो.