पैसे मोजले, तरी गेम आपला नाही

नमस्कार. व्याख्यानाला व्हिडिओ गेम हा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी धरूनच चाललं की मी मोबाइलच्या व्यसनावर बोलणार. समोर पालक बरेच दिसतायत, त्यांचीही तीच अपेक्षा असावी. पण व्यसनावर बोलणाऱ्यांची आपल्याकडे काही वाण नाही. मला बोलायचंय ते पैशांबद्दल. आपण रोकडे पैसे मोजून गेम घेतो, तेव्हा पदरात नक्की काय पडतं?

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४मध्ये आला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा. त्यात अख्खी अमेरिका आक्रसून बसवली होती. न्यू यॉर्कहून निघायचं आणि वाळवंट, बर्फाचे डोंगर, शेतं तुडवत थेट पश्चिम किनारा गाठायचा; मध्ये कुठे पडदा काळा होत नाही, ‘थांबा, लोड होतंय’ येत नाही. शर्यती सोडून नुसते भटकायला म्हणून लोक तो खेळायचे. एकट्यानं खेळायची गोष्टही त्यात होती. मेख एवढीच, की तुम्ही एकटे खेळत असलात तरी गेम सतत कंपनीच्या सर्व्हरला बांधलेला. डिसेंबर २०२३मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले. खेळ खल्लास. ज्यांच्या घरी डिस्क होती, त्यांची डिस्क कपाटात शाबूत आणि गेम मात्र गायब. वर कडी म्हणजे नंतर लोकांच्या खात्यांमधून तो वापरायचा परवानाही काढून घेतला गेला.

आता गंमत बघा. आपल्या पिढीनं लॅमिंग्टन रोडवरून चोरीच्या सीडी आणल्या. नाही म्हणू नका, हसू आलंय बऱ्याच जणांना. त्या सीडीवरचा ‘रोड रॅश’ हा बाइकच्या शर्यतीचा गेम जुन्या कॉम्प्युटरवर टाकला तर आजही चालेल. आणि ज्यानं इमानेइतबारे पूर्ण किंमत देऊन ‘द क्रू’ घेतला, त्याच्या हाती धुपाटणं. मी पायरसीची वकिली करत नाहीये. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोरापेक्षा हलका माल मिळत असेल, तर गिऱ्हाइकाला नीतीचे पाठ देण्याआधी दुकानदारानं आपला गल्ला तपासावा.

गेम बंदच पडायला हवा असंही नाही. ‘जीटीए फोर’मध्ये गाडीत बसलं की रेडिओ लागतो. नायक निको पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेला, आणि त्या रेडिओवर एक रशियन स्टेशन आहे, व्लादिवोस्तोक एफएम. परक्या शहरात पावसात गाडी चालवताना ती गाणी ऐकणं हा त्या गेमचा अर्धा जीव होता. २०१८मध्ये दहा वर्षांचे संगीताचे करार संपले, आणि या स्टेशनवरची बहुतेक गाणी अपडेटमधून काढून टाकली गेली. नव्या गिऱ्हाइकांना नाही मिळाली तर समजू शकतो. पण ज्यांनी आधीच पैसे भरले होते, त्यांच्या गेममधूनही ती गेली. उद्या पुस्तकाच्या दुकानदारानं रात्री तुमच्या घरात शिरून कादंबरीतली चार पानं फाडून नेली, तर तुम्ही काय कराल?

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात. गाड्यांच्या ब्रँडचे, गाण्यांचे करार मुदतीचे असतात. पण सर्व्हर अनंत काळ चालवा असं मागतंय कोण? रॉस स्कॉट नावाच्या अमेरिकन यूट्यूबरनं २०२४मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. तिची मागणी साधी आहे: पाठिंबा थांबवायचा तर थांबवा, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघातल्या त्यांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५पासून मालकी न देता नुसता वापरायचा परवाना विकत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसं स्पष्ट सांगायचं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं आपल्या पैसे भरायच्या पानावर तशी ओळ त्याआधीच, ऑक्टोबर २०२४मध्ये टाकली. सांगून फसवणं हे न सांगता फसवण्यापेक्षा बरं, इतपतच माझं समाधान.

आपल्याकडे काय? आपली पोरं खेळतात फोनवर, आणि गेम फुकट असतो. पैसे जातात ते बंदुकीच्या नि कपड्यांच्या स्किनवर, म्हणजे गेममधल्या नुसत्या रंगरूपावर. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली. २०२१मध्ये तोच गेम बीजीएमआय म्हणून आला, जुलै २०२२मध्ये फोनवरच्या ॲपच्या दुकानांतून गेला, मे २०२३मध्ये परत आला. सुरक्षेची कारणं मी नाकारत नाही. पण या सगळ्या ये-जा करण्याच्या चर्चेत पोरांनी स्किनवर घातलेल्या पैशांचा मालक कोण, हा प्रश्न मी तरी कुठल्या चॅनेलवर ऐकला नाही. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, ते ठीकच. पण गेम म्हटलं की आपल्याला एक तर जुगार दिसतो नाहीतर व्यसन. गिऱ्हाईक दिसतच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल बोलतो. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापावी लागते, मग तीन-चार हजारांच्या गेमवर ‘किमान अमुक तारखेपर्यंत चालेल’ एवढं छापायला काय हरकत आहे? माझ्या मते तरी ती ओळ नसणं ही दिशाभूलच आहे.

‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर नेहमी मिळतं. तर याच युबिसॉफ्टनं, एवढा गदारोळ झाल्यावर, ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळायची सोय दिली.

तोवर आपल्या हातात काय? पोलंडमधलं गॉग हे ऑनलाइन दुकान इन्स्टॉलरची फाइल उतरवून घेऊ देतं; ती हार्ड डिस्कवर ठेवली की गेमला नंतर कुणाची परवानगी लागत नाही. तिथे सगळे गेम मिळत नाहीत, नवे मोठे तर फारच थोडे. पण एकच गेम दोन्हीकडे असेल तर मी तिथून घेतो, चार पैसे जास्त पडले तरी. पोरांना गेम घेऊन देताना पालकांनी एवढं एक विचारावं: वायफाय बंद केलं तर हा चालतो का? गेमवर छापलेल्या वयाच्या आकड्याइतकंच ते बघण्यासारखं आहे.

बरं, वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या. पहिला प्रश्न व्यसनावरचा असणार, माहीत आहे मला, तोही चालेल.