शंभरात दोन

[ड्रोन. दिवे घाट, मग कऱ्हेचं कोरडं पात्र, मग उतारावरच्या विहिरी.]

पुण्याहून दिवे घाट चढून वर आलं की पुरंदर तालुका लागतो. ढग इथेही येतात, पण बहुतेक पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावरच सांडून आलेले. अंजीर, सीताफळ आणि वाटाणा यांचा हा मुलूख. खाली जे काळे गोल दिसतायत, त्या विहिरी. मे महिना आहे आणि त्यातल्या बऱ्याच विहिरींत पाण्यापेक्षा सावलीच जास्त आहे.

या गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. विहिरींच्या मालकांनी चित्रीकरणाला परवानगी दिली ती याच अटीवर. त्यामागचं कारण पुढे येईलच.

[पहाट. पाठीवर सॅक घेतलेली तरुणी बांधावरून चालतेय.]

ही पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रबंधासाठी तिनं या शिवारातलं भूजल निवडलं. यंत्रसामग्री म्हणाल तर एक लोखंडी टेप, एक निळा खडू, मोबाइलमधलं जीपीएस आणि एक वही. भूजलाच्या अभ्यासाला उपग्रह लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढची दोन मिनिटं नीट पाहावीत.

[जवळून: टेप, खडू, हात.]

टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू घासायचा. टेप विहिरीत सोडायचा. टोक पाण्यात बुडालं की कठड्यापाशी आकडा धरायचा: चौदा मीटर. टेप वर ओढायचा. खडू कुठपर्यंत ओला झालाय? बासष्ट सेंटिमीटर. ते वजा. कठडा जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच, तेही वजा. वहीत लिहायचं: १२.५८.

पंप चालू असताना घेतलेला आकडा खोटा. म्हणून मोजणीचं वेळापत्रक ठरवतं ते महावितरण. पंपाची थ्री फेज लाइट दिवसाची असेल त्या आठवड्यात पहाटे मोजायचं, रात्रीची असेल तर संध्याकाळी. प्रबंधाच्या ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात हे वाक्य सापडणार नाही, पण खरी पद्धत हीच.

[कॅमेरा विहिरीत उतरतो. भिंत.]

आता भिंतीकडे बघा. विहीर म्हणजे उघडं पडलेलं भूगोलाचं पुस्तक, आणि इथल्या जुन्या माणसांना ते वाचता येतं. वर हातभर माती. तिच्याखाली मुरूम. मग हा भोकाभोकांचा, ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, मांजऱ्या. त्याखाली विटेच्या रंगाचा पट्टा, गेरू. आणि तळाशी काळा पाषाण, पहारीला दाद न देणारा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले, त्याचा मांजऱ्या झाला. पोटातला भाग सावकाश थिजला, त्याचा पाषाण झाला. दोन थरांच्या मधल्या काळात पृष्ठभाग कुजून लाल झाला, तो गेरू. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन अशाच खडकावर, म्हणजे बेसॉल्टवर, बसलेली आहे. पाणी मुरतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटींत. गाळाच्या प्रदेशासारखी वाळूची जाड गादी इथे नाही.

[बाइट: विहिरीचे मालक, वय सत्तरीच्या पुढे. पडद्यावर: परस = पुरुषभर खोली; उपळ = झरा; आडवी बोअर = विहिरीच्या भिंतीत मारलेलं आडवं भोक.]

‘‘आमच्या आज्यानं ही हीर पाच परस खणली. मांजऱ्यात उपळ लागला अन् थांबला. म्हनला, खाली पाषान हाय, फुकट घाम गाळू नका. आमी काय ऐकतोय व्हय! वडलांनी अजून दोन परस नेली, मी आडवी बोअर मारली.’’

[पाणाड्या. तळहातावर नारळ.]

याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा, आला होता. नारळ तळहातावर आडवा ठेवायचा आणि चालत राहायचं. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. कॅमेऱ्याला हे दृश्य आवडलं, म्हणून ते जरा लांबलंय. खरं सांगायचं तर पाण्याचा थर शिवारभर सलग असेल तर नारळ कुठेही उभा राहो, थोडंफार पाणी लागतंच. ते किती दिवस पुरेल, यावर नारळ काही बोलत नाही.

[नकाशा. एकेका विहिरीवर आकडा उमटतो.]

ते बोलते ही वही. प्रत्येक विहिरीच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची आणि तिच्यातून पाण्याची खोली वजा करायची. ही दोन भावांची शेतं. थोरल्याची विहीर, मघाशी टेप सोडला तीच, वरच्या अंगाला, ७३१ मीटरवर, पाणी १२.५८ मीटर खाली. धाकट्याची ओढ्याकडेला, ७२३ मीटरवर, पाणी ५.१० मीटरवरच. थोरला म्हणतो, ‘‘धाकट्याचं नशीब.’’ आता वजाबाकी करा. एकीकडे ७१८.४२, दुसरीकडे ७१७.९०. दोन विहिरींच्या पातळ्यांत फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा, उतार ओढ्याकडे. दोघांच्याही भिंतीत तोच मांजऱ्या, त्याखाली तोच गेरू. भावांचं बांधावरून बोलणं बंद आहे. पाणी दोघेही एकाच थरातलं उपसतायत.

आमच्या मते अख्ख्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान हेच. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नावानिशी असते. खडकाला सातबारा नसतो.

[ऑक्टोबर. हिरवं शिवार. तीच मुलगी, तोच टेप.]

पावसाळा संपल्यावर तिनं त्याच विहिरी पुन्हा मोजल्या. मे आणि ऑक्टोबरच्या आकड्यांतला फरक म्हणजे पावसानं थरात भरलेलं पाणी. पण चार मीटर पाणी चढलं म्हणजे चार मीटरचं तळं भरलं, असं नव्हे. बेसॉल्टच्या मुरमात आणि मांजऱ्यात उपसता येण्याजोगं पाणी साधारण दोन टक्केच धरतात; देशभरातल्या भूजल मूल्यांकनात वापरला जाणारा दर हाच. शंभर घनमीटर खडकात दोन घनमीटर पाणी. बाकी सगळा दगड.

[फळ्यावर खडू. ती स्वतः हिशेब मांडतेय.]

शंभर हेक्टर शिवार म्हणजे दहा लाख चौरस मीटर. त्यात चार मीटर पाणी चढलं. त्याचे दोन टक्के: ऐंशी हजार घनमीटर. पाणलोटवाल्यांच्या भाषेत ८० टीसीएम (हजार घनमीटर), आपल्या भाषेत आठ कोटी लिटर.

आठ कोटी ऐकायला पुष्कळ वाटतं. दोन हजार वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या ५५ लिटर माणशी रोज या दरानं वर्षाला चार कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे निम्मं पाणी पिण्यालाच हवं. आता दुसरी बाजू. उसाला वर्षाला हेक्टरी साधारण वीस हजार घनमीटर पाणी लागतं. पावसाचा वाटा पाच हजार धरून तो वजा केला तरी उरतात पंधरा हजार. आठ कोटी लिटरमध्ये भिजतो तो पाच-सव्वापाच हेक्टर ऊस. शंभर हेक्टर शिवाराचं सगळं भूजल, पाच हेक्टरात.

[ती फळ्याकडे पाहते. मागे बसलेले शेतकरी. निवेदन नाही.]

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून राज्यात हे काम करतेय. पण तिच्या कायमच्या निरीक्षण विहिरींचं मूळ जाळं चार हजारांच्या आतबाहेर, आणि महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांवर. आपल्या बांधाखाली किती पाणी आहे, हे त्या आकड्यांतून शेतकऱ्याला कसं कळणार? ही मधली जागा भरून काढायला एम.एस्सी.चे आणि एम.टेक.चे प्रबंध आहेत. दरवर्षी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ते बांधून ठेवले जातात, काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत.

[रात्र. बोअरची गाडी. दगडाची पांढरी धूळ.]

आणि हे गावाचं नाव न सांगण्याचं कारण. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानुसार साठ मीटरपेक्षा खोल गेलेली विहीर किंवा बोअर म्हणजे ‘खोल विहीर’, आणि शेतीसाठी ती घेता येत नाही. कायदा लागू झाला २०१४ मध्ये. या गाडीवर पाइप किती चढले, ते मोजून पाहा. बोअर गेरू भेदून खाली गेली आणि केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवलेला पाइप, नीट नसलं की वरच्या थरातलं पाणी खालच्या थरात गळायला लागतं, आणि शेजाऱ्याची विहीर दोन महिने आधी आटते. कोणाची, ते पुढच्या दृश्यात आहे.

[हंडे. रांग. फक्त आवाज.]

[जुने बंधारे, नायगावकडचा रस्ता.]

हा हिशेब पुरंदरला नवा नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे लोक पाहून विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता-उद्योजक इथल्या नायगावात आले आणि त्यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम मोजके. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. ऊस नाही. अडवलेलं पाणी वाटायचा नियम आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी झाला. खडकातलं पाणी वाटायचा मात्र गावागावांत अजून व्हायचाय. आता पुरंदर उपसा योजनेतून मुळा-मुठेचं पाणी उचलून वर येतं; त्या पाण्याचा दर्जा हा वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे.

[ग्रामसभा. भिंतीवर नकाशा चिकटवलेला.]

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. त्याआधी तिनं नकाशा मराठीत करून ग्रामसभेत लावला. थोरला भाऊ बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता.

[बाइट: थोरला भाऊ.]

‘‘पोरी, हे आधी दावलं असतंस तर आडव्या बोअरचे पैसं वाचलं असतं की.’’

दोन बोअरमधलं अंतर ठरवण्याचा ठराव झाला नाही. उन्हाळी पिकाचं क्षेत्र ऑक्टोबरच्या पातळीवरून ठरवायचं, एवढ्याला दोन वस्त्या राजी झाल्या. मोजणीची वही आता गावातल्या शाळेत आहे. आठवीची मुलं मे महिन्यात विहिरी मोजणार आहेत. टेप दुसरा घ्यावा लागेल, पहिला विद्यापीठाचा होता.