राघोजींची फिरंग लंडनला गेली कशी?

(वणी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मंदर आपल्याच तालुक्यातलं. त्याच मंदरजवळ नागपूरच्या पहिल्या रघूजी (म्हणजेच राघोजी) भोसल्यांनी आपल्या चुलत्याला, कान्होजींना, गाठून पकडलं आणि साताऱ्याला धाडलं. त्यामुळे परवा लंडनहून आलेली, त्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार मला एकट्या नागपूरच्या वाड्याची वाटत नाही. ती आपल्या शिवारातलीही आहे.

एप्रिल २०२५ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात ती निघाली. राज्य सरकारनं सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. अशा पात्याला आपल्याकडे फिरंग म्हणत. मूठ मुल्हेरी पद्धतीच्या घडणीची, तिच्यावर सोन्याचं नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी ओळ आहे: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. सेनासाहेबसुभा हा नागपूरकर भोसल्यांचा किताब. मराठ्यांच्या शस्त्रांवर असं नाव आणि अशी सजावट क्वचितच सापडते. ही मिरवायची, मानाची तलवार होती, असं मला त्यावरूनच वाटतं.

पण ती ओळ पुन्हा वाचा. ‘पहिले’ हा शब्द तिथं नाही. नागपूरच्या गादीवर तीन रघूजी झाले. पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये, तिसरे १८५३ मध्ये. तलवार पहिल्यांची मानतात, ते मला पटतं. तरी पात्यावर आहे तेवढं पात्याचं, बाकीचं आपण जोडलेलं, हे विसरू नये.

आता ती गेली कशी? सगळे म्हणतात, इंग्रजांशी झालेल्या १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत. तसं झालंही असेल. पण दुसरी वाटही आहे. तिसरे रघूजी वारसाविना गेले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. राण्यांचा विरोध डावलून वाड्यातल्या चीजवस्तू बाहेर काढल्या. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. या विक्रीची रीतसर कागदपत्रं होती, म्हणून तिला सहसा लूट म्हणत नाहीत. मी म्हणतो. धन्याचा विरोध असताना विकलेली वस्तू लुटीचीच. शिवाय त्या काळी साहेबांना नजराणे दिले जात, तीही एक शक्यता उरतेच. या तिन्हींतली एक पक्की करणारा कागद हाती येईपर्यंत ‘लुटून नेली’ असं पाठ्यपुस्तकात छापू नये, एवढा माझा आग्रह आहे.

आज दुपारी जिथं जेवलो, त्या घरच्या आजींनी देवघरामागून एक तलवार काढून दाखवली. पातं गंजलेलं, मुठीच्या वाटीत वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांचं कुंकू घट्ट बसलेलं. तिच्यावर नाव नाही. ती कुणाकडून कुणाकडे आली, हे मात्र आजींनी पाच पिढ्यांपर्यंत तोंडपाठ सांगितलं. सोबत एक बासन, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं होतं, आत मोडी कागद. दोन कागदांच्या कडा कसरीनं खाल्ल्यात. आजींनी होकार दिलाय. उद्या सकाळी त्या कागदांचे फोटो काढणार आहोत. ज्यांच्या घरी असं बासन असेल, त्यांनी आठ वाजता इथंच घेऊन यावं.