फिट आणि अनफिटच्या मधले आठवडे

(पडद्यावर : नाशिकची अंबड एमआयडीसी, पहिल्या पाळीची गर्दी)

487 रुपये 50 पैसे.

महिन्याला 15,000 पगार असलेल्या कामगारामागे मालक ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेला, दर महिन्याला एवढे पैसे भरतो. पगाराच्या सव्वातीन टक्के. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, म्हणजे 112 रुपये 50 पैसे. 1 जुलै 2019 पासून हाच दर आहे. वर्षभरात शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, कुणाला साधं खरचटलं नाही तरी तेवढेच, आणि चार जणांची बोटं गेली तरी तेवढेच.

म्हणूनच अपघात झाला की लहान कारखानदार पहिल्यांदा म्हणतो, "ईएसआय आहे ना, ती बघेल." यात खोटं काही नाही. माणूस कामावर येऊ शकत नाही तोवर ईएसआय त्याला सरासरी पगाराच्या 90 टक्के देते. कायमचं अपंगत्व आलं, तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे चालू होतात. मालकाच्या खिशाला थेट झळ बसत नाही. मग जखमी माणसाला कामावर परत आणायची खटपट त्याने का करावी?

(पडद्यावर : पॉवर प्रेस, जवळून)

हा शीट मेटलचा शॉप आहे. नाव आम्ही घेणार नाही. अंबडला आणि सातपूरला असे कितीतरी आहेत. मोठ्या गाडी कंपन्यांना माल देणाऱ्या व्हेंडरचे हे व्हेंडर. काम सोपं दिसतं. डाव्या हाताने पत्र्याची पट्टी सरकवायची, बटण दाबायचं, पत्रा कापणारा पंच खाली येतो, वर जातो, उजव्या हाताने जॉब, म्हणजे तयार तुकडा, काढायचा. पाळीभर हेच.

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय मशीनवर असते. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे डायमध्ये, पंचाखालच्या साच्यात, एकही नाही. आता या प्रेसचं डावं बटण बघा. त्यावर चिंधी बांधून ते कायमचं दाबून ठेवलंय, का तर तासाला जॉब जास्त निघतात. अपघाताचा खर्च कमी करायची सुरुवात ही चिंधी सोडण्यापासून होते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण आपला विषय त्याच्या पुढचा आहे. बोट गेलंय. आता पुढे?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर मालकाला विम्याचं बिल देतं. तिथे जवळजवळ सगळ्या राज्यांत कामगार भरपाईचा विमा घ्यावा लागतो आणि फार लहान नसलेल्या मालकांचा हप्ता त्यांच्या मागच्या साधारण तीन वर्षांच्या दाव्यांवर वरखाली होतो. बऱ्याच राज्यांत दाव्यात फक्त औषधपाण्याचा खर्च असेल, बुडालेल्या पगाराची भरपाई नसेल, तर त्यातली 30 टक्केच रक्कम हप्त्याच्या हिशोबात धरतात. माणूस ठरलेल्या मुदतीच्या आत हलक्या कामावर आला, तर मालकाचे पैसे वाचतात आणि ते त्याला बिलावर दिसतात. त्यामुळे तिथल्या कंपन्यांत हलक्या कामाच्या याद्या अपघात होण्याआधीच तयार असतात. माणुसकी असेलही, हप्ता मात्र नक्की आहे.

आपल्याकडे असं बिल येत नाही.

(पडद्यावर : कागदावर पेनाने मांडलेला हिशोब)

निदान ईएसआयमधल्या माणसाचं येत नाही. महिना 21,000 च्या वर पगार असलेला डाय-सेटर (प्रेसवर साचा बसवणारा), वेल्डर, सुपरवायझर ईएसआयच्या बाहेर असतो. त्याच्यासाठी 1923 चा भरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी हिशोबाची रीत तीच आहे. 3 जानेवारी 2020 पासून हिशोबाला पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. त्याचे 60 टक्के, 9,000. वय 30 असेल तर कायद्याच्या तक्त्यातला वयानुसारचा गुणक 207.98. गुणाकार येतो 18,71,820. ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई. तर्जनी मुळापासून गेली तर त्याचे 14 टक्के, म्हणजे 2,62,055 रुपये. अंगठा गेला तर 30 टक्के, साडेपाच लाखांच्या वर. देणं झाल्यापासून महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत, तर 12 टक्के व्याज, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड.

बोटाची टक्केवारी तक्त्यात छापलेली आहे. माणूस लवकर कामावर आला म्हणून ती कमी होत नाही, आणि होऊही नये. फरक पडतो तो दोन ठिकाणी.

तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा द्यावा लागतो, तोही पाच वर्षांपर्यंत. पण त्याला कायद्यानेच मर्यादा घातली आहे. अपघाताआधीचा पगार आणि आताचा पगार यांत जो फरक, त्याच्या वर ही रक्कम जात नाही. माणसाला झेपेल अशा कामावर घेतलं आणि पगार पूर्वीचाच ठेवला, की फरक शून्य. ज्या पैशात तो घरी बसला असता, त्यात भर घालून तो कामावर असतो. आमच्याशी बोललेल्या एका लघुउद्योजकाला हे माहीतच नव्हतं. त्याच्या अकाउंटंटलाही नव्हतं.

दुसरं, तक्त्यात न बसणाऱ्या जखमा. आखडलेला खांदा, वळत नसलेलं मनगट, मणक्याचा मार. इथे कमाईची क्षमता किती गेली ते डॉक्टर ठरवतो, आणि मग वाद कोर्टात जातो. डिसेंबर 1975 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. सिनेमागृहात सजावटीचं काम करताना तो पडला, डावा हात कोपराच्या वर गेला. मालकाचं म्हणणं, हे पूर्ण अपंगत्व नाही. कोर्टाने ते मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे या माणसाचं नुकसान शंभर टक्के. आजही प्रेस शॉपच्या मालकाने लक्षात ठेवावा असा हा निकाल आहे. हात किती टक्के उरला, यावर हिशोब संपत नाही. त्या हाताने तो माणूस आपलं काम करू शकतो का, हे बघितलं जातं.

(पडद्यावर : कारखान्याचं गेट, अपघाताविना दिवसांचा बोर्ड)

आता या गेटवर थोडं थांबू या.

बोर्डावर लिहिलंय, अपघाताविना इतके दिवस. मोठ्या कंपनीचे लोक ऑडिटला येतात तेव्हा आधी हा बोर्ड बघतात. त्यात कायद्याची अट अशी, की अपघातानंतर माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात कळवावा लागतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी जखमी माणसाच्या खोलीसमोर गाडी उभी राहते. श्रमिकनगर असेल, चुंचाळे असेल. हात गळ्यात, डोळ्यांवर गुंगी. त्याला आणतात आणि टाइम ऑफिसच्या बाकावर बसवतात. हजेरी लागते. दुपारी डबा येतो. संध्याकाळी गाडी सोडून येते. बोर्डावरचा आकडा एकाने वाढतो.

रजिस्टरमध्ये याला लाइट ड्युटी म्हणतात. शॉपमधले लोक काय म्हणतात ते इथे ऐकवता येणार नाही.

यातून काहीच वाचत नाही, उलट वाढतं. सूज उतरायला हात उंच ठेवायचा असतो, तो दिवसभर लोंबकळतो. ड्रेसिंगची वेळ चुकते. ज्या दिवशी हजेरी आणि पगार, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. आणि कळवलाच नाही असा अपघात पुढे बोट आखडल्यावर सिद्ध कसा करायचा, ही कटकट कामगाराच्या माथी. आम्ही "कामावर परत या" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हा बाक नव्हे. या बाकामुळेच युनियनवाल्यांना लाइट ड्युटी हा शब्द शिवीसारखा लागतो, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

(पडद्यावर : फिजिओथेरपीचं टेबल, एका हाताचा क्लोजअप)

हा हात एका प्रेस ऑपरेटरचा आहे. मूळ सुरगाण्याकडचा गडी. तर्जनीचं शेवटचं पेर गेलं, मधल्या बोटाचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणारी दोरी, तुटलं होतं, ते शिवलंय. टेबलावर चिंचोक्यांची वाटी. एकेक चिंचोका अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा. तिसऱ्या-चौथ्या चिंचोक्याला चिमूट सुटते. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणतात, "उचला दादा, पडला तर पडू द्या." तो हसतो आणि खाली वाकून पडलेला चिंचोका डाव्या हाताने उचलायला जातो. मॅडम डाव्या हातावर हलकी चापट मारतात.

शिवलेल्या टेंडनला साधारण सहा आठवडे जपावं लागतं. जोर लावून पकडायला बारा आठवडे तरी हवेत. पण सहाव्या आणि बाराव्या आठवड्याच्या मधे हा हात निकामी नसतो. गो-नोगो गेजने, म्हणजे माप बरोबर की चूक एवढंच सांगणाऱ्या साधनाने, जॉब तपासता येतो. रजिस्टर लिहिता येतं. स्टोअरला टूल देता-घेता येतात. नव्या पोराच्या शेजारी उभं राहून "पट्टी तिरकी जातेय, स्टॉपरला टेकव" हे सांगता येतं. या शॉपमध्ये हे सांगायला दुसरं कुणीच नव्हतं. बदली पोराने पहिल्याच आठवड्यात दोन पट्ट्या एकावर एक घातल्या आणि पंचाची धार उडवली. डाय ग्राइंडिंगला गेली, प्रेस उभी राहिली, माल वेळेत गेला नाही. हा खर्च ईएसआय भरून देत नाही. तो भरपाईच्या खात्यातही दिसत नाही. रिजेक्शन, ओव्हरटाइम आणि टेम्पोच्या जादा फेऱ्यांत विरघळून जातो. 487 रुपये 50 पैशांनी आपण सुटलो असं वाटणाऱ्या मालकाला तो दिसावा कसा?

इथल्या शेठना तो दिसला, कारण ते स्वतः डाय-सेटर होते.

त्यांनी अर्ध्या पानाचा कागद केला. डॉक्टरांना विचारून लिहिलंय : प्रेसला हात नाही, पेडल नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही, तेल आणि कूलंटपासून हात लांब. पहिले दोन आठवडे चार तास, पुढे सहा. फिजिओच्या दिवशी लवकर सुटी. खाली तीन सह्या : डॉक्टर, सुपरवायझर, कामगार. शेवटची ओळ महत्त्वाची. दुखलं तर थांबायचं आणि त्याच दिवशी सांगायचं.

गाडी अडली ती पगारावर. ईएसआयचा कागद दोनच गोष्टी ओळखतो, अनफिट आणि फिट. डॉक्टरने फायनल, म्हणजे फिट असल्याचा दाखला, दिलं की पैसे बंद. ज्या दिवशी काम, त्या दिवशी लाभ नाही. अर्धा दिवस काम आणि अर्धा लाभ असा प्रकार नाही. जर्मनीत आहे. तिथे माणूस रोज थोडे तास कामावर येतो, आठवड्या-आठवड्याला तास वाढतात, आणि पूर्ण बरा होईपर्यंत विम्याचा भत्ता चालू राहतो. कारण कागदावर तो अजून रजेवरच असतो. इथे चार तासांच्या कामाला आठ तासांचा पगार मालकालाच द्यावा लागतो.

अकाउंटंट म्हणाले, "साहेब, चार तासांचे चारच तासांचे द्या."

शेठ म्हणाले, "मग तो फायनल घेईलच कशाला? घरी बसून 90 टक्के मिळतायत त्याला."

पूर्ण पगार द्यायचं ठरलं. आमच्या मते याशिवाय मार्गही नव्हता. आणि फायनल मिळायच्या आत बोलवायचं नाही, हेही ठरलं. ते बोललंच पाहिजे, कारण ईएसआयकडून पैसे घेत असताना गुपचूप कामावर आणणं ही फसवणूक आहे, आणि पकडला जातो तो कामगार.

हजर झाल्यावर पहिले काही दिवस हा गडी प्रेसच्या रांगेतून जायचाच नाही, मागच्या शटरने स्टोअरला यायचा. प्रेसचा ठोका ऐकला की हात आपोआप छातीशी यायचा. वर लोकांचे टोमणे. "काय भो, बसून पगार!" सुपरवायझरने कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला तेव्हा टोमणे कमी झाले. भीती अजून आहे. तो पुन्हा प्रेसवर जाईल का, हे कुणी त्याला विचारत नाही. सध्या तो गेज रूममध्ये आहे आणि तिथे तो बरा आहे.

(पडद्यावर : ओझरकडे जाणारा रस्ता, मग पुन्हा अंबड)

हाच हात ओझरला एचएएलमध्ये, विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, जखमी झाला असता, तर अशा कागदाची मेहेरबानी लागली नसती. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आस्थापनांना सांगतो, की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं, जागा नसेल तर तशी निर्माण करायची. सरकारी कंपन्या त्यात आल्या, एसटी महामंडळही आलं. खासगी शॉपला हे कलम लागू नाही. ईएसआयचा लाभ चालू असेपर्यंत कामावरून काढता येत नाही, एवढं संरक्षण आहे. फायनल मिळाल्यानंतरचं काय, ते मालकावर.

आणि मालक कोण, हाही प्रश्न आहेच. या शॉपमधले निम्मे लोक ठेकेदाराचे. शूटिंग संपताना त्यांच्यातल्या एकाने तो अर्ध्या पानाचा कागद मागून घेतला, उलटसुलट करून बघितला.

"आमच्या वेळेला याच्यावर सही कुणाची? ठेकेदाराची का शेठची?"

ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती मुख्य मालकाने भरायची, असं ईएसआय सांगते. भरपाईचा कायदाही ठेक्यावरच्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावर टाकतो. नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे सही शेठची. शेठ तिथेच उभे होते. "बघू," म्हणाले. मग सुपरवायझरला हाक मारून कागदाच्या आणखी झेरॉक्स काढायला सांगितल्या.