फ्रीझरमधला डबा

श्रोतेहो, नमस्कार. कॅन्सर आणि म्हातारपणाचे आजार यांवर प्रयोगशाळांमध्ये काय चाललंय, हा आजचा विषय. पण आधी एका फ्रीझरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

१९६४ च्या अखेरीस कॅनडातलं एक जहाज ईस्टर बेटावर पोहोचलं. तेच, प्रचंड दगडी पुतळ्यांचं बेट. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. जहाजावर जॉर्ज नोग्राडी नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांना एक कोडं पडलं होतं. बेटावर घोडे भरपूर, माणसं अनवाणी फिरतात, तरी धनुर्वात फारसा कुणाला का होत नाही? त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली चिमूटभर माती नळीत भरून घेतली.

ती माती पुढे माँट्रियलमधल्या एका औषध कंपनीत गेली. तिथे सुरेन सहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ काम करत होते. मातीतल्या एका जिवाणूने तयार केलेलं द्रव्य त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वेगळं काढलं. रापा नुईवरून नाव ठेवलं रापामायसिन. (नावातच पत्ता! हल्लीच्या औषधांची नावं माइकसमोर वाचायची म्हणजे जिभेला व्यायाम. त्या नामकरण करणाऱ्यांना एकदा इथे आणून बसवायला हवं.)

औषध शोधलं होतं बुरशीवर. पण ते शरीराची प्रतिकारशक्तीच दाबतं असं दिसलं, आणि बुरशीचं औषध म्हणून ते बाद झालं. सहगलांनी मात्र त्याचा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेकडे धाडला होता. तिथे गाठींची वाढ थांबलेली दिसली. तेवढ्यात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळाच बंद केली. रापामायसिनचं काम गुंडाळा, असा निरोप आला.

सहगलांनी काय करावं? शेवटचा एक घाणा काढला, कुप्या भरल्या आणि गुपचूप घरी नेल्या. घरच्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात, वर सूचना: ‘खाऊ नये’. बिऱ्हाड अमेरिकेत प्रिन्स्टनला हललं, तेव्हा तो ऐवजही कोरड्या बर्फात, चिकटपट्ट्यांनी जखडून बरोबर गेला. काही वर्षांनी कंपनीचं विलीनीकरण झालं, साहेब बदलले, आणि सहगलांनी नव्या साहेबांपुढे जुनंच टुमणं लावलं. काम पुन्हा सुरू झालं. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. २००७ मध्ये त्याच्याच भावंडाला, टेम्सिरोलिमसला (घ्या, आलंच ते नाव!), मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी.

कचेऱ्यांमध्ये ‘कपाटं रिकामी करा’ची मोहीम निघाली, की मला हा डबा आठवतो. असो.

गोष्टीने अर्धा वेळ खाल्ला, आता शास्त्र थोडक्यात. आपल्या पेशींमध्ये टॉर नावाचं एक प्रथिन असतं. अन्न आहे, वाढा, असा हुकूम ते सोडतं. अनेक कॅन्सरमध्ये हा हुकूम थांबतच नाही. आणि वय झाल्यावरही तो चालूच राहिला, की पेशी आतला केरकचरा काढायचं टाळते. तो साठत जातो. रापामायसिन हा हुकूम दाबून धरतं. पेशी मारत नाही, हुकूम दाबून धरतं. पुन्हा सांगतो, कारण पुढे लागणार आहे: मारत नाही, दाबून धरतं.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांवरचा निकाल एकत्र छापला. औषध खाद्यात टिकेना, म्हणून त्यावर लेप चढवण्यात इतका वेळ गेला, की तोवर उंदीर २० महिन्यांचे झाले. म्हणजे माणसाची साठी. आता काय उपयोग, असंच कुणालाही वाटलं असतं. पण दहातले नऊ उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी लांबला, नरांमध्ये ९ टक्क्यांनी. उंदराला गुण आला, की मथळ्यात माणूस अमर होतो. तसं काही समजू नका. माणसाचं आयुष्य याने वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. तोंडात व्रण येतात, संसर्गाची भीती असते, रक्तातली साखर आणि चरबी वाढू शकते. तेव्हा, गोळी कुठे मिळेल असं विचारणारी पत्रं कृपा करून पाठवू नका.

गोष्टीचा शेवट राहिला. १९९८ मध्ये सहगलांनाच मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. त्यांनी स्वतःचंच औषध सुरू केलं आणि वर्षांमागून वर्षं गेली. हा औषधाचा गुण की नुसतं नशीब? शास्त्रज्ञ माणूस, राहवलं नाही. पाहावं म्हणून त्यांनी औषध बंद केलं.

गाठी परत आल्या. २००३ च्या जानेवारीत ते गेले.

वेळ संपली. नमस्कार.